लॅपटॉप जुना झाला, हे ठरवलं कुणी?

जून उजाडला की फोन सुरू होतात. सीईटीचा पर्सेंटाइल हातात आलेला असतो, कॅप राउंडची धाकधूक असते, आणि पिंपळनेरच्या नाहीतर साक्रीच्या कुठल्यातरी घरातून प्रश्न येतो, "पोर्‍याले लॅपटॉप लेवाना शे भाऊ, कोनता लेऊ?" मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा मला लॅपटॉपातलं कळतच असणार, असा हिशोब. (दात दुखला तर आपल्याकडे मेडिकलवाल्यालाही विचारतात, तसंच हे.)

विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच घरांत आधीचा एक लॅपटॉप असतो. मोठ्या भावाने डिप्लोमाला असताना घेतलेला, २०१६-१७ चा. तो बिघडला का, असं विचारलं की उत्तर येतं, "बिघडला नाही, पण जुना झाला ना." त्या 'जुना झाला ना'मध्ये सगळं संपतं. नेमकं काय होतंय, किती पैशांत सुधारेल, हे कुणी विचारत नाही. तोच बाप विहिरीवरची मोटर जळली तर ती रिवाइंडिंगला टाकतो. ट्रॅक्टर काळा धूर ओकायला लागला तर इंजिनाचं काम काढतो आणि पुढची दहा वर्षं तोच ट्रॅक्टर चालवतो. लॅपटॉपची वेळ आली की मात्र त्याचा सगळा व्यवहार दुकानाच्या पायरीवर राहतो, कारण ही वस्तू उघडायची नसते असं त्याला पटवून दिलं गेलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. लॅपटॉप जुना झाला असं सांगणारा आणि नवा विकणारा बहुतेक वेळा एकच असतो, आणि त्याच्या शब्दावर आपण साठ हजार रुपये मोजतो. क्विंटलला १२०० रुपये भाव धरला तर ६० हजार म्हणजे ५० क्विंटल कांदा, तोही बियाणं, मजुरी, हमाली, तोलाई काहीच वजा न करता. एवढा माल घालून घेतलेली वस्तू किती वर्षं चालणार आणि बंद पडली तर ती कोण उघडणार, हे दोन प्रश्न आधी यायला हवेत. प्रोसेसर, स्क्रीन, रंग, दिवे लागणारा कीबोर्ड, हे सगळं नंतर. यूट्यूबवरचे रिव्ह्यू नेमके उलट्या क्रमाने बोलतात. त्यांच्या हातात लॅपटॉप पंधरा दिवस असतो, पोराच्या हातात चार वर्षं.

आधी घरातल्या जुन्याचं बघू. २०१६-१७ चा साधारण लॅपटॉप म्हणजे चार जीबी रॅम आणि आत फिरणारी हार्ड डिस्क. ही डिस्क म्हणजे खरोखरची तबकडी, मिनिटाला ५४०० फेरे मारणारी, आणि तिच्यावर सरकत जाऊन माहिती वाचणारी एक सुई. चालू केल्यावर पाच मिनिटं चक्र फिरत राहतं, क्रोम उघडायला चहा होतो, याला नव्वद टक्के वेळा ती सुई जबाबदार असते. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो. टास्क मॅनेजर उघडून बघा, सीपीयू दहा-पंधरा टक्के आणि डिस्क शंभर टक्के दिसेल. ती डिस्क काढून तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवली, रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा असेल तर त्यात एक पट्टी घातली, पंख्यातली धूळ झटकली आणि प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलली, तर तोच लॅपटॉप वीस-पंचवीस सेकंदांत उभा राहतो. काही हजारांचं काम आहे. धूळ आणि पेस्टचा मुद्दा आपल्याकडे जास्तच लागू होतो. एप्रिल-मेमध्ये धुळे-जळगावला पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो, पत्र्याच्या घरात त्याहून वर. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो लॅपटॉप म्हातारा झाला. त्याला फक्त ऊन लागलेलं असतं.

बॅटरीचं वेगळं. लिथियम-आयन बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद उतरणीला लागते, उष्णतेत त्याहून लवकर. ती संपणारच. टायर झिजतात तशी. टायर झिजले म्हणून कुणी गाडी भंगारात घालत नाही, पण बॅटरी अर्धा तासच टिकते म्हणून लॅपटॉप बदललेले मी डझनाने पाहिले.

आता त्या तारखेकडे येतो जिने गेल्या वर्षी कोट्यवधी चालू लॅपटॉप एका रात्रीत 'जुने' केले. १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. २९ जुलै २०१५ ला आलेली ही सिस्टीम, दहा वर्षं चालली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. विंडोज ११ फुकट मिळते, पण तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप लागते आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. इंटेलची आठवी पिढी आली ऑगस्ट २०१७ मध्ये. म्हणजे २०१७ च्या जूनमध्ये बापाने घाम गाळून घेतलेला सातव्या पिढीचा लॅपटॉप यादीबाहेर.

हे सुरक्षेसाठी केलं, असं कंपनी सांगते. सुरक्षेच्या मुद्द्यात तथ्य आहे, तो मी उडवून लावणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, विंडोज १० च्या नव्या मशीनमध्ये टीपीएम २.० असलंच पाहिजे, ही अट मायक्रोसॉफ्टनेच जुलै २०१६ पासून उत्पादकांना घातली होती. त्यामुळे २०१७ च्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ती चिप किंवा प्रोसेसरच्या आतच तिचं काम करणारी व्यवस्था आहे, तरी प्रोसेसरच्या यादीने त्यांना बाहेर ठेवलं. दोन, सातव्या पिढीतल्या एका प्रोसेसरला नंतर सवलत मिळाली. तो प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ टू या महागड्या मशीनमध्ये होता. स्वतःच्या दुकानातला माल यादीत बसवता येतो, साक्रीच्या पोराचा बसत नाही. याला तांत्रिक मर्यादा म्हणायचं असेल तर म्हणा. मी रोज कोड लिहितो, अशा मर्यादा कशा लिहिल्या जातात ते मला ठाऊक आहे. एक इफ टाकायचा असतो.

१३ ऑक्टोबरला चालणारा लॅपटॉप १५ ऑक्टोबरलाही तसाच चालत होता. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या. ते हलकं घेण्यासारखं नाही. ज्या मशीनवर नेटबँकिंग करता, आधार-पॅनचे कागद ठेवता, ती सुरक्षेच्या अपडेटशिवाय इंटरनेटला जोडून वापरू नये. पण यावरचे उपाय दुकानदार सांगत नाही. पहिला, मायक्रोसॉफ्टनेच घरगुती वापरकर्त्यांना आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केले आहेत. त्याची किंमत ३० डॉलर, पण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. (पैशांऐवजी तुमचं खातं घेतात. फुकट ते नाहीच.) दुसरा, लिनक्स. लिनक्स मिंटची २२ वी आवृत्ती घ्या, तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, ती चार जीबीवर चालते आणि आठ जीबीवर धावते, दिसायला विंडोजसारखीच आहे, मराठी टायपिंग आहे, लिबरऑफिस आधीपासून आहे. पेनड्राइव्हवरून न बसवताही चालवून बघता येते, वायफाय आणि आवाज चालतो का ते पाहून मग ठरवा.

लिनक्सवाल्यांची एक खोड आहे, सगळं चालतं असं ते सांगतात. सगळं चालत नाही. दुकानात टॅली असेल तर लिनक्स नको. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स चालत नाहीत, म्हणजे सिव्हिल-मेकॅनिकलच्या पोराला ती सोय नाही. सेतू केंद्रात अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं डोंगल लागतं, त्यांची सॉफ्टवेअरं विंडोज धरून लिहिलेली असतात. काही ऑनलाइन परीक्षांचे ब्राउझरही विंडोजच मागतात. या लोकांनी वाढीव वर्ष वापरावं आणि मग खरंच नवा घ्यावा. त्यांच्याशी माझं भांडण नाही. कॉम्प्युटरचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी, मराठीत लिहिणारा शिक्षक, घरात यूट्यूब आणि पीडीएफ बघणारे आईबाप, यांच्यासाठी मात्र तो लॅपटॉप अजून चार वर्षं पुरतो. केरळने सरकारी शाळांमधले संगणक वर्षानुवर्षं लिनक्सवर चालवले. तिथली पोरं काही अडाणी राहिली नाहीत.

बरं, समजा नवा घ्यायचाच आहे. घरात जुना नाही किंवा जुन्याचा मदरबोर्डच गेला. इथे दुसरी लबाडी सुरू होते, आणि ती समजायला थोडं मागे जावं लागतं. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्जने मंचावर कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या पाकिटातल्या मशीनची रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली होती, वाढवायची सोय नव्हती. २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुक ही कल्पना आणली आणि विंडोजवाल्या कंपन्याही पातळपणाच्या शर्यतीत उतरल्या. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम पक्की आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली होती. दुरुस्तीच्या पुस्तिका लिहिणाऱ्या आयफिक्सिटने तिला दहापैकी एक गुण दिला. तेव्हा तो महागड्या गिऱ्हाइकांचा प्रश्न होता. आज चाळीस-पन्नास हजारांच्या लॅपटॉपांतही रॅम डागलेली सापडते.

डागलेल्या रॅमचा अर्थ असा, की तुम्ही काउंटरवर जे ठरवलं तेच त्या यंत्राच्या मरणापर्यंत. आठ जीबी घेतली तर आठच. पूर्वी बाप म्हणू शकत होता, आत्ता आठवाला घेऊ, तिसऱ्या वर्षी मक्याचे पैसे आले की अजून आठ टाकू. ही हप्त्याने घर बांधायची पद्धत, आधी दोन खोल्या, मग स्लॅब, मग वरचा मजला, आपल्या सगळ्यांची आहे. डागलेल्या रॅमने ती बंद केली. कंपनी सांगते की कमी वीज खाणारी एलपीडीडीआर रॅम प्रोसेसरच्या जवळ, थेट बोर्डावरच बसवावी लागते. बऱ्याच अंशी खरं आहे. पण साध्या डीडीआर-फाइव्हच्या पट्ट्या आजही मिळतात, आणि काढता येणाऱ्या एलपीडीडीआरचा एलपीकॅम-टू नावाचा नमुनाही २०२४ पासून बाजारात आहे. लेनोव्होने त्याच वर्षी आयफिक्सिटला सोबत घेऊन थिंकपॅड टी-फोर्टीनची पाचवी आवृत्ती बनवली, तिला दहापैकी नऊ गुण मिळाले. म्हणजे जमतं. कॉर्पोरेट गिऱ्हाइकाला हवं असतं तेव्हा जमतं, कारण तो एका वेळी पाच हजार मशीन घेतो आणि त्याचा दुरुस्तीचा खर्च त्याला मोजता येतो. त्याच कंपनीच्या घरगुती गिऱ्हाइकांच्या मॉडेलमध्ये स्क्रू कमी आणि गोंद जास्त सापडतो.

यात आणखी तेल ओतलंय एआयने. २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिपांचे भाव चढत गेले, कारण कारखान्यांना एआयच्या डेटा सेंटरला माल पुरवण्यात जास्त पैसा दिसतो. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशल हा साध्या ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणारा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. गरिबाचा अपग्रेडचा रस्ता म्हणजे ही क्रुशलसारखीच नावं होती. रॅम महाग झाली म्हणजे नवा लॅपटॉपही महाग होणार किंवा त्याच पैशांत कमी रॅमचा मिळणार, आणि ती कमी रॅम डागलेली असेल तर पुढची चार वर्षं पोरगं क्रोमच्या टॅब मोजत बसणार. म्हणून आज जुन्या लॅपटॉपातली चालू पट्टी सोन्यासारखी जपा. भंगारवाल्याला तर बिलकूल देऊ नका.

इंजिनियरिंगचा लॅपटॉप म्हणून आपल्याकडे काय विकलं जातं तेही बघण्यासारखं आहे. दुकानात जाऊन 'कॉम्प्युटर इंजिनियरिंगला घेतलंय' म्हणा, समोर गेमिंग लॅपटॉप येतो. अडीच किलोचा, लाल-निळ्या दिव्यांचा, दीडशे-दोनशे वॅटचा विटेएवढा चार्जर असलेला. "कोडिंगला ग्राफिक्स कार्ड लागतं." नाही लागत हो. पहिल्या दोन वर्षांत सी, पायथन, जावा, थोडं डेटाबेस, वेबसाइट, हे असतं, आणि यातलं सगळं दहा वर्षांपूर्वीच्या आय-फाइव्हवर होतं. मशीन लर्निंगचा प्रयोग करायचाच झाला तर गूगल कोलॅबवर फुकटात ग्राफिक्स कार्ड मिळतं. मी आणि माझे बहुतेक सहकारी ऑफिसात ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर पगार कमावतो. त्या गेमिंग लॅपटॉपची बॅटरी वर्गात दुसऱ्या तासाला मान टाकते, घरी लाइट गेली की छोट्या इन्व्हर्टरला त्याचा चार्जर पेलवत नाही, आणि ४५-६५ वॅटवर चालणारा साधा लॅपटॉप मात्र आरामात चालतो. साक्री तालुक्यात महाजेनकोचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे, तरी संध्याकाळी लाइट कधी जाईल याची खात्री गावात कुणी देत नाही. लॅपटॉप निवडताना वॅट बघा असं सांगणारा एकही रिव्ह्यू माझ्या पाहण्यात नाही. ते करणाऱ्यांच्या सोसायटीत जनरेटर असतो.

अंतराचंही तेच. पिंपळनेरहून साक्री वीस-पंचवीस किलोमीटर, धुळं पाऊणशे, आणि नाशिकला जायचं तर शेलबारी घाट उतरून ताहाराबाद-सटाणामार्गे दिवस जातो. खोक्यावर एक वर्षाची ऑनसाइट वॉरंटी लिहिलेली असते. ती पिनकोडवर अवलंबून असते हे आतल्या कागदावर बारीक अक्षरात असतं. माझ्या मावसभावाच्या लॅपटॉपचं चार्जिंग बंद पडलं. वॉरंटी संपून दोन महिने झालेले. तो एसटीने नाशिकला गेला, सर्व्हिस सेंटरने चार दिवसांनी कळवलं की मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि खर्च लॅपटॉपच्या निम्म्या किमतीहून जास्त सांगितला. वर सल्ला दिला, एवढ्यात नवाच घ्या, एक्स्चेंज ऑफर आहे. त्याने तो परत आणला आणि धुळ्यात एका दुरुस्तीवाल्याकडे टाकला. चार्जिंगच्या लाइनवरचा मॉस्फेट, तांदळाच्या दाण्याएवढा भाग, शॉर्ट झाला होता. हॉट एअरने काढला, दुसरा बसवला, काही शे रुपये घेतले. लॅपटॉप आजही चालतो.

सर्व्हिस सेंटरमधला मुलगा खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याला बोर्ड दुरुस्त करायला शिकवलेलंच नाही, बोर्ड बदलायलाच शिकवलंय. आणि धुळ्यातल्या त्या माणसाला जे येतं, ते त्याला कंपनीने शिकवलेलं नाही. बोर्डाचा नकाशा, म्हणजे कुठल्या वाटेने किती व्होल्ट जातात ते दाखवणारं स्कीमॅटिक, कंपन्या बाहेर देत नाहीत. तो टेलिग्रामच्या ग्रुपवर फिरणाऱ्या चोरून फुटलेल्या फायली बघून काम करतो. या देशातली लॅपटॉपची अर्धी दुरुस्ती अशा फायलींवर चालत असेल. इंजिनियरिंगचं प्रमाणपत्र नसलेला, बहुधा आयटीआयही न केलेला हा माणूस मायक्रोस्कोपखाली जे करतो ते मला, चार वर्षं फी भरून इंजिनियर झालेल्याला, जमत नाही. त्याला कागद मिळाला पाहिजे, सुटे भाग मिळाले पाहिजेत. अडवणूक त्याची होते, आणि बिल आपल्या नावाने फाटतं.

सरकार काय करतंय, असं कुणी विचारेल. करतंय थोडं. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखायला समिती नेमली. त्यात शेती अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं धरली, आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. त्या पोर्टलवर मी जाऊन आलो. कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरांची माहिती आणि कस्टमर केअर, हे जे आधीच कंपनीच्या साइटवर असतं, तेच तिथे एकत्र ठेवलंय. मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाबद्दल एका समितीने अहवाल दिला. फ्रान्समध्ये असा आकडा १ जानेवारी २०२१ पासून दुकानात वस्तूच्या किमतीशेजारी लावावा लागतो, आणि पहिल्याच यादीत लॅपटॉप होता. उघडायला किती सोपं, सुटे भाग किती वर्षं मिळतील, ते किती महाग, मॅन्युअल देता का, यावरून दहापैकी गुण. आपल्याकडे फ्रीजवर विजेचे तारे असतात, ते बघूनच आई फ्रीज घेते. लॅपटॉपच्या खोक्यावर दुरुस्तीचे तारे आले तर तीच आई तेही वाचेल, तिला प्रोसेसरची पिढी कळायची गरज नाही.

सरकारला लॅपटॉपची काळजी नाही असं नाही. ३ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात आदेश काढून लॅपटॉपच्या आयातीला परवाना लावला होता, ओरड झाल्यावर पुढे ढकलला आणि नोव्हेंबरपासून नोंदणीवर भागवलं. लॅपटॉप कुठून येतो याची एवढी घाई. तो आल्यावर किती वर्षं टिकतो, यावर तसा एकही आदेश रात्रीतून निघालेला नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून आहेत, त्यात कंपनीला पुनर्वापराचं लक्ष्य दिलंय, पण तिथे पुनर्वापर म्हणजे प्रामुख्याने वस्तू फोडून त्यातला धातू काढणं. चालू लॅपटॉप वितळवून त्यातलं तांबं-सोनं मोजायचं आणि त्याला पर्यावरण म्हणायचं. लॅपटॉपच्या आयुष्यातलं बहुतांश कार्बन उत्सर्जन तो बनतानाच झालेलं असतं, हे कंपन्यांच्याच अहवालांत छापलेलं असतं. चालवण्यात फार थोडं जातं. यावरून पर्यावरणाला काय परवडतं ते आपण आपलं काढू शकतो.

आणि आता आमच्या धंद्याबद्दल, कारण तिथेच तुमचा फायदा आहे. मोठ्या आयटी कंपन्या तीन-चार वर्षांनी सगळ्यांचे लॅपटॉप बदलतात. बिघडले म्हणून नाही, हिशोबाच्या वहीत त्यांची किंमत संपलेली असते आणि लीजची मुदत भरलेली असते. मी स्वतः असा एक ठणठणीत लॅपटॉप परत केला. हे लॅपटॉप ट्रक भरभरून लिलावात जातात, दिल्लीच्या नेहरू प्लेसला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, आणि तिथून साफसूफ होऊन जिल्ह्याच्या गावांत येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशी नावं. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत. दिसायला काळे ठोकळे, लग्नात मिरवता येणार नाहीत. पण धातूची बिजागरी, पाणी सांडलं तर निभावणारा कीबोर्ड, आठ-दहा स्क्रूत उघडणारी पाठ, आणि देशभर सुटे भाग. मला कुणी निवड करायला लावली तर मी नव्या चमकत्या चाळीस हजारांच्या लॅपटॉपआधी हा घेईन.

त्यातही फसवणूक आहे, भाबडेपणाने जाऊ नका. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचाच घ्या, म्हणजे विंडोज ११ चा प्रश्न राहणार नाही. चालू करताना बायोसमध्ये शिरून बघा, तिथे पासवर्ड मागितला तर ठेवून द्या, तो जुन्या कंपनीचा आहे आणि कधीच मिळणार नाही. विंडोज नव्याने टाकताना इंटरनेट जोडा. एखाद्या कंपनीचं नाव आणि लॉगिन समोर आलं तर मशीन अजून त्यांच्या नोंदणीत आहे. बॅटरीचा अहवाल काढायला लावा, त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करा. ग्रेड ए म्हणजे फक्त वरचा रंग, आतलं काही नाही. दुकानदाराने तीन महिन्यांची तरी वॉरंटी बिलावर लिहून द्यावी, तोंडी नको.

नवाच घ्यायचा असेल तर मॉडेलचं नाव ठरवण्याआधी त्याचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. एचपी, डेल, लेनोव्हो या तिन्ही कंपन्या आपल्या बऱ्याच मॉडेलांची मॅन्युअलं साइटवर फुकट ठेवतात, फोनवरही उघडतात. रॅमचं पान बघा. तिथे पट्टी काढायचं चित्र असेल तर स्लॉट आहे, आणि मेमरी हा मदरबोर्डचा भाग आहे असं लिहिलं असेल तर पुढचं मॉडेल. बॅटरीच्या पानावर स्क्रू दिसतायत का बघा. मग धुळ्याला किंवा नाशिकला त्या दुकानात जाण्याआधी एक फोन आपल्या गावच्या दुरुस्तीवाल्याला करा आणि विचारा, या मॉडेलची बॅटरी आणि कीबोर्ड मागवले तर किती दिवसांत येतात आणि कितीला पडतात. तो हसून "भाऊ, याचं काहीच मिळत नाही" म्हणाला, तर दुकानातली ऑफर कितीही चांगली असो, त्याचंच ऐका. आणि बिल पक्कं घ्या, १८ टक्के जीएसटी भरताय, त्यावर सिरियल नंबर लिहिलेला हवा.